आडवा तळहात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, शाळेपासूनच्या मैत्रिणीला नाही. आणि मी काही पोटात ठेवणारी बाई नव्हे हो — भाजीवाल्याशी वाजलं तरी संध्याकाळपर्यंत ते चार घरांत माहीत झालेलं असतं. सुरतेत डिंडोलीला आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, माझं तोंड कसं आहे ते सांगतील. पण हे एक — सोळा वर्षं मूग गिळून बसले आहे.

तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू — मलाही माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

ओळखत असलात तर 'साडेनऊ'मुळेच ओळखत असाल. मी संगीत रचते. असं म्हटलं की लोक लगेच विचारतात, कुठल्या सिनेमाला दिलंय? सिनेमाला नाही, बाबा. सतार, सारंगी, पखवाज, कधी चार व्हायोलिन — अशा वाद्यांसाठी लिहिते, राग सोडत नाही पण रागाला जरा बाहेर हिंडवून आणते. 'साडेनऊ' बावीस मिनिटांची आहे. साडेनऊ मात्रांचं आवर्तन, आणि त्याच्या तळाशी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका यंत्रमागाचा आवाज. खरा, ध्वनिमुद्रित केलेला. वादक त्या मागाच्या चालीने वाजवतात. या हिवाळ्यात ती पुण्याला झाली, दिल्लीला झाली, परदेशातल्या एका वाद्यवृंदाने आपल्या कार्यक्रमात घेतली आणि तिथल्या पेपरात माझा फोटो आला — केस विस्कटलेले, पण आला. एक मोठा पुरस्कारही मिळाला. आणि गेल्या महिन्यात ती पहिल्यांदाच आमच्या सुरतेत झाली.

तो माग कुणाचा, हे प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. 'माझे काका जिभाऊ यांच्या मागाचा आवाज.' लोकांना ही ओळ फार आवडते. मुलाखत घेणारे तिथेच येऊन थांबतात — सांगा ना, तो आवाज तुम्हाला कसा सापडला? आणि मी सांगते. माझं उत्तर आता इतकं पाठ झालंय की मध्येच शिंक आली तरी पुढचं वाक्य चुकत नाही.

ते उत्तर खोटं नाही. अर्धं आहे, एवढंच.

जिभाऊ म्हणजे माझ्या बाबांचे मोठे चुलतभाऊ. आम्ही खानदेशातले, घरात अहिराणी. मोठ्या भावाला जिभाऊ म्हणतात, म्हणून गल्लीत सगळेच त्यांना जिभाऊ म्हणायचे. बाबा आणि ते एकाच खात्यात होते. खातं म्हणजे माग चालतात ती शेड — सुरतेत तसंच म्हणतात. बाबा मी अकरावीत असताना गेले. त्यानंतर उधन्याच्या खात्यातून पाळी संपवून यायचं आणि तसंच मला सायकलवर बसवून पेटीच्या क्लासला न्यायचं, हे जिभाऊंनी दोन वर्षं केलं. क्लास संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसायचे. ऐकू फारसं यायचं नाही त्यांना, तरी बसायचे.

ऐकू का यायचं नाही? अहो, मागांवर कुणाला ऐकू येतं? पंधरा-वीस वर्षं त्या खटखटीत काढली की कान जातातच. हळूहळू जातात, म्हणून कुणी ओरडत नाही. खात्यात तसंही बोलून उपयोग नसतो, तिथे सगळा कारभार हातांनी. पाणी हवं, सूत संपलं, शेठ आला — सगळ्याला खुणा. त्यातल्या दोन तुम्हाला सांगून ठेवते. तळहात पालथा धरून आडवा फिरवला की — बरा आहे, चालू दे. मूठ आवळून पिळली की — बिघडलाय, मास्टरला बोलव. मास्टर म्हणजे माग दुरुस्त करणारा.

आणि माग बिघडायच्या आधी आवाजात बिघडतो. हे सगळ्या कारागिरांना माहीत असतं, पण ज्यांना माहीत असतं त्यांनाच तो आवाज ऐकू येत नाही! म्हणून मग माझ्यासारखी पोरं. मी बाबांचा डबा घेऊन जायची तेव्हा जिभाऊ मला मागाजवळ उभं करायचे, कानाला हात लावून खूण करायचे — कान लाव. मी ऐकायची. आणि मग आडवा तळहात, नाहीतर पिळलेली मूठ. आठ-नऊ वर्षांची असेन. माझी मूठ कधी चुकली नाही. मास्टर येऊन उघडून बघायचा आणि हसायचा. लोक विचारतात, तुमचे पहिले गुरू कोण? मी क्लासच्या सरांचं नाव सांगते. खरं उत्तर ती शेड आहे.

बघा, किती लांबून येते आहे मी. येते, मुद्द्यावर येते.

मी सत्तावीस वर्षांची होते. बडोद्याला संगीताचं शेवटचं वर्ष, हॉस्टेलात राहायची, शनिवारी घरी यायची. शेवटच्या परीक्षेला स्वतःची रचना सादर करायची होती आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण सगळं कुणाचं तरी ऐकलेलं. सरांनी वही बाजूला सरकवून विचारलं होतं, यात तू कुठे आहेस? तोंडावर मारल्यासारखं झालं होतं मला.

त्या शनिवारी मी सहज खात्यात गेले. जिभाऊ तेव्हा आठ माग सांभाळायचे. मला बघून त्यांनी पाचव्या मागाकडे बोट केलं, मागाच्या लाकडावर हात ठेवला, कपाळाला आठी घातली. हाताला काहीतरी वेगळं लागत होतं त्यांना. दोन दिवसांपासून, असं त्यांनी बोटांनी दाखवलं. मग कानाला हात — कान लाव, माई.

मी कान लावला.

तुम्ही माग पाहिला नसेल तर एवढंच लक्षात घ्या — धोटा नावाचा एक लाकडी, टोकदार, लोखंडी नाकाचा तुकडा आत सूत घेऊन डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेकला जातो, मिनिटाला शंभरदा तरी. फेकणाऱ्या दोन दांड्या असतात, एक इकडे, एक तिकडे. त्या मागाची डावी दांडी गेली होती. मला पहिल्या काही क्षणांतच कळलं. लाकडाला चीर पडली की त्याचा आवाज घोगरा होतो. नऊ ठोके सरळ पडत होते आणि दहावा अर्धाच, उचकी लागल्यासारखा. नऊ आणि अर्धा. नऊ आणि अर्धा.

आणि तो आवाज — काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी जे शोधत होते ते त्या घोगऱ्या अर्ध्या ठोक्यात होतं. मी उभ्या उभ्या त्यावर सारंगी ऐकली. सगळी रचना ऐकली, पहिल्यापासून.

पण माझ्याकडे रेकॉर्डर नव्हता. तो बडोद्याला मैत्रिणीकडे होता. मास्टरला बोलावलं असतं तर अर्ध्या तासात नवी दांडी बसली असती आणि तो आवाज कायमचा गेला असता. हे सगळं मी किती वेळात ठरवलं असेल? जिभाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांनी मूठ पिळली, भुवया उंचावल्या — बोलवू का मास्टरला?

मी तळहात पालथा केला आणि आडवा फिरवला.

बरा आहे. चालू दे.

त्यांनी मान डोलावली आणि लाकडावरचा हात काढला. एवढंच. पुन्हा विचारलंसुद्धा नाही. माझी मूठ कधी चुकली नव्हती ना.

तुम्हाला वाटत असेल, झालं हिचं सांगून. नाही. हे अर्धंच आहे — मी अर्धंच सांगण्यात पटाईत आहे, एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

रविवारी मी बडोद्याला जाऊन रेकॉर्डर घेऊन आले. सोमवारी सकाळी सातला पाळी बदलते, तेव्हा थोडा वेळ सगळे माग थांबतात. जिभाऊंनी बाकीच्या कारागिरांना हात जोडून अजून थोडं थांबवून ठेवलं — मन्ही आंडेर काही करी राह्यनी, माझी लेक काहीतरी करतेय, थांबा जरा — आणि सगळ्या शांत शेडमध्ये एकटा पाचवा माग चालवला. माझ्यासाठी. अकरा मिनिटं; रचनेत तीच दोनदा फिरतात. त्या मागासमोर छाती काढून उभे होते, फोटो काढून घेत असल्यासारखे. तोच आवाज तुम्ही ऐकता, ऐकला असेल तर.

रेकॉर्डिंग झालं. माझं काम झालं होतं. आता तरी सांगायचं की नाही? निघताना जिभाऊंनी पुन्हा एकदा पाचव्या मागावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी — मनात काय आलं माहीत आहे? — हॉस्टेलवर जाऊन नीट ऐकते आधी, कुठे खरखर आली असली तर पुन्हा यावं लागेल, तोवर राहू दे. शनिवारी सांगेन.

तळहात आडवा. दुसऱ्यांदा.

मंगळवारी दुपारी धोटा उडाला. डाव्या दांडीने तो सरळ फेकलाच नाही, तो मागाबाहेर निघाला आणि जिभाऊंच्या उजव्या डोळ्यात गेला.

फोन हॉस्टेलच्या ऑफिसात आला. मी जिना उतरून गेले, आईचा रडका आवाज ऐकला, डोळा गेला असं ती म्हणाली. आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला — हे मी आजवर स्वतःशीही मोठ्याने बोललेले नाही — तो पहिला विचार होता, बरं झालं, रेकॉर्डिंग झालं होतं.

डोळ्याच्या आधी तो. रडण्याच्या आधी तो. मग रडले, खूप रडले, सगळ्यांनी पाहिलं.

दवाखान्यात त्यांच्या डोक्याला पट्टी होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "नशीब, तू तठे नव्हती माई." मी तिथे नव्हते, हे नशीब म्हणे! मास्टरने माग उघडला आणि सांगितलं, दांडीला चीर होती, अशी चीर कधी पडते कळत नाही. सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली. धोट्यापुढे जाळी असायला हवी होती, नव्हती. मालकाने बसवायला हवी होती, बसवली नव्हती. जिभाऊंनी स्वतःहून मास्टरला बोलवायला कुणाची ना नव्हती. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे, वर्षानुवर्षं, आंघोळ करताना, पोळ्या लाटताना. पण जाळीने तळहात आडवा केला नव्हता. मी केला होता.

परीक्षेत मी पहिली आले.

मग जिभाऊ मागांवर गेलेच नाहीत. एका डोळ्याने धोट्याचा अंदाज येत नाही. डिंडोलीतच एका इमारतीवर वॉचमन झाले. आता सत्तरीच्या पुढे आहेत. घरी गेलं की मोठमाय, म्हणजे त्यांची बायको, चहा टाकते आणि कपात ओततात मात्र ते — हट्टाने. अंतर कळत नाही म्हणून आधी किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवतात, टक्कन आवाज येतो, मग ओततात. तो टक्कन आवाज मला सहन होत नाही. मी दर वेळी मोबाईल बघत बसते. मोठमाय म्हणते, एवढी मोठी झाली पण घरी आली की मान खाली.

तुम्ही म्हणाल, मग सोडून द्यायची ती रचना. प्रयत्न केला नाही असं वाटतं? तीन वर्षांपूर्वी मी एका धडधाकट मागाचा आवाज मुद्दाम घेतला आणि तो खाली लावला. पखवाजवाल्याने दोन आवर्तनं वाजवून हात थांबवले. ताई, जीव गेला हो यातला, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. सगळी रचना त्या चिरेवर उभी आहे. नवीन काही लिहायला घेतलं तर बोलावणारे म्हणतात, 'साडेनऊ'सारखं काहीतरी द्या. आणि लिहायला बसले की मीही तिथेच जाऊन पोचते, नऊ आणि अर्धा. मिक्सर लावला तरी मोजते. त्या आवाजातून मला बाहेर पडता येत नाही. आणि बाहेर पडले तर माझ्याजवळ दुसरं काही नाही, हेही मला पक्कं माहीत आहे. जिथे जाते तिथे लोक मला तोच सोमवार पुन्हा वाजवून दाखवायला सांगतात आणि मी वाजवून दाखवते, वर वाकून नमस्कार करते.

सुरतेचा कार्यक्रम टाळायला मी चार वर्षं काय काय कारणं दिली! हॉल लहान आहे, तारखा नाहीत, वादक मोकळे नाहीत. पण पुरस्कार मिळाल्यावर आमची डिंडोलीची मंडळी ऐकेनात. जिभाऊंचा सत्कार करायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. हॉल भरला. निम्मे लोक खात्यांतले, इस्त्रीचे शर्ट घालून, बायकांसकट आलेले. जिभाऊंना शाल दिली, नारळ दिला, माईक हातात दिला. त्यांना भाषण कुठलं येतंय. ते फक्त म्हणाले, "हाऊ आवाज मना मागना शे." हा आवाज माझ्या मागाचा आहे. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले आणि मला म्हणाली, किती भाग्यवान तुम्ही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी दुपारचं.

दुपारी हॉलमध्ये आवाजाची तपासणी चालू होती. खुर्च्या रिकाम्या. जिभाऊ सकाळपासूनच येऊन बसले होते, नवं धोतर, डोक्यावर टोपी. 'साडेनऊ' त्यांनी आजवर नीट ऐकलीच नव्हती — मोबाईलवर कुणीतरी लावून दिलेलं, त्यातलं त्यांना काय ऐकू येणार? ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या मुलाने सगळ्यात आधी मागाचा आवाज लावला, एकटा, मोठ्याने. जमीन हलायला लागली. जिभाऊ उठले. पायऱ्या चाचपत रंगमंचावर आले आणि त्या भल्यामोठ्या स्पीकरच्या लाकडी खोक्यावर त्यांनी हात ठेवला, तळवा पसरून. जसा पाचव्या मागावर ठेवला होता तसाच.

मी समोर उभी होते. पाच हातांवर.

ते उभे राहिले. आवर्तन गेलं, दुसरं गेलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. चाळीस वर्षं मागांवर काढलेला माणूस आहे तो. कान गेले, डोळा गेला, तो तळवा तेवढा शाबूत आहे. त्यांनी मान वळवली, उरलेल्या डोळ्याने मला शोधलं. खोक्याच्या डाव्या अंगाला बोट केलं. आणि दुसरा हात वर करून मूठ आवळली, हळूच पिळली आणि भुवया उंचावल्या.

ते रागाने विचारत नव्हते. संशयानेही नाही. ते मला विचारत होते, कारण माझे कान चांगले आहेत. सांग, माई. डावी दांडी गेली आहे ना यात?

हा आवाज त्यांचा डोळा गेला त्याच्या आदल्या दिवशीचा होता. एक मूठ. एकदाच पिळायची होती. शेडमधल्या त्या आठ वर्षांच्या पोरीला जमायचं ते. हॉलमध्ये कुणाला कळलंसुद्धा नसतं, फक्त आम्हा दोघांना.

मी तळहात पालथा केला आणि आडवा फिरवला.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान डोलावली आणि लाकडावरचा हात काढला.